मानाचा मासा

कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या घरी लोणच्याच्या बरण्यांच्या फळीवर, अगदी कडेला, आबांच्या बाटल्या असायच्या. औषधाच्या असतात तसल्या बुटक्या, बूच लावलेल्या. आत स्पिरिट आणि तळाशी ज्वारीच्या कण्यांसारखे पांढुरके गोळे. ते गोळे माशांच्या डोक्यातून काढलेले असत. त्यांचा अर्क मादीला टोचला की ती टाकीतल्या पाण्यातसुद्धा अंडी घालते, हे आबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला, त्यानं विचारलेलं असो वा नसो, समजावून सांगत. माझे वडील, म्हणजे आबा, मत्स्य खात्यात पर्यवेक्षक होते. हंगामात ते मासळी बाजारातून नुसती डोकी घेऊन यायचे आणि मागच्या अंगणात पाट मांडून, चष्मा नाकावर सरकवून, ते गोळे चिमट्यानं काढत बसायचे. शेजाऱ्यांना स्पिरिटचा वास जायचा आणि त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की माणूस सज्जन आहे, पण घेतो. माझी आई माळकरी. नवरा पितो ही बदनामी बरी की नवरा माशांची डोकी फोडतो ही बरी, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

आबांचं ताट, वाटी आणि कान तुटलेला कप मोरीशेजारच्या कोनाड्यात वेगळा असायचा. कामावरून आले की मागच्या दारानं यायचं, हौदावर अंघोळ करायची आणि मगच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायचं, असा आईचा कायदा होता. तरी वास राहायचाच. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या दप्तराला कसला गं वास येतोय?" मी त्या दिवशी घरी येऊन देवघरातला कापूर दप्तरात टाकला. मग दप्तराला देवळात मासळी बाजार भरल्यासारखा वास यायला लागला आणि मुली आणखीच हसल्या. मला आबांची लाज वाटायची, आणि लाज वाटते याचीही लाज वाटायची. आता माझी नातवंडं फोनवर बोट दाबून काटे काढलेला मासा घरी मागवतात, तेव्हा त्यांना हे सांगून काही उपयोग नसतो.

आमचं मूळ गाव गगनबावड्याच्या वाटेवर. नाव लिहीत नाही, तिथं आमची माणसं अजून आहेत आणि ती वाचतात. गावाच्या खालच्या अंगाला तळं, तळ्याच्या पलीकडं भोयांची गल्ली. तळं गावाचं, पण त्याचा ठेका वर्षानुवर्षं शहरातल्या एका ठेकेदाराकडं. भोई आपल्याच गावच्या तळ्यात त्याच्या मजुरीवर जाळं ओढायचे. आबांच्या डोक्यात बसलं की हा ठेका भोयांना मिळाला पाहिजे. त्यांची सोसायटी काढायची, पाण्यात कटला-रोहूचं बीज सोडायचं, वर्षभर राखायचं आणि मोठा झालेला मासा त्यांचा त्यांनी विकायचा. त्यासाठी आबांनी किती चपला झिजवल्या ते आईला माहीत. गल्लीतून पुढं झाली ती हौसाबाई. पुरुष सरपंचांपुढं उभे राहिले की पायाच्या अंगठ्याकडं बघत बोलायचे. हौसाबाई बघायची ती थेट डोळ्यांत, आणि आवाज असा की अलीकडच्या काठावर म्हैस वळायची.

मजुरीपोटी मिळालेल्यातली उरलेली मासळी संध्याकाळी मिळेल त्या भावात फुंकून टाकावी लागायची, म्हणून आबांनी बायकांना खारवून वाळवायला शिकवलं. आधी त्या मासे जमिनीवरच पसरायच्या, त्यात वाळू, माशा, कुत्री. आबांनी घरातली सुंभाची बाज नेली, ज्यावर आई कुरडया घालायची. "हे बघा, वारं खालनंबी लागतंय, वरनंबी," असं सांगून त्यांनी ती बाज गल्लीत ठेवली ती ठेवलीच. आई त्या उन्हाळ्यात कुरडया घालायला निघाली आणि बाज शोधत राहिली. कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझ्या कुरडयांचं बोंबील केलं ह्यांनी." पण पुढं हौसाबाई आमच्या दारी आली तेव्हा आईनंच तिला विचारलं की मीठ किती घालतेस आणि दव पडायच्या आत झाकतेस की नाही. चहा मात्र तिला त्या कान तुटलेल्या कपातूनच मिळाला.

गावात एक रीत होती. उन्हाळ्यात तळ्यात मोठं जाळं ओढलं की पहिला मोठा मासा मानाचा. हलगी वाजवत तो आमच्या थोरल्या घरी यायचा. आम्ही पितळी थाळ्यात घ्यायचा, हळदकुंकू लावायचं, आणि आणणारीला नारळ, खण नि गुळाचा रवा, म्हणजे छोटी ढेप, द्यायचा. ठेकेदाराच्या काळातही ही रीत मोडली नव्हती. थोरलं घर म्हणजे माझे चुलते तात्या. आबांचे थोरले बंधू. आबा त्यांच्यासमोर चप्पल घालत नसत आणि ते बसल्याशिवाय बसत नसत.

तात्यांवर माझा फार जीव होता. उंच, गोरे, फेट्याचा शेमला खांद्यावर, आणि हात मोकळा. गावातला निम्मा ऊस आमच्या गुऱ्हाळावर शिजायचा. सुट्टीत आम्ही गेलो की मी दिवस दिवस गुऱ्हाळावर असायची. भल्यामोठ्या काहिलीत रस उकळायचा, त्यात भेंडीचा चीक टाकला की सगळी घाण फेसासारखी वर यायची. ती मळी लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढून पिंपात टाकायची. चुलवाणाची धग, गुळव्याच्या शिव्या, पाकाचा तो घोगरा आवाज, आणि भाकरीवर ओतलेली गरम काकवी. तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून रस पाजायचे. वाटसरू म्हणाला की अर्धाच द्या, तर ते रागवायचे. "पावणं, अर्धं द्यायला आमी काय औषध द्यायलोय व्हय?" आबांच्या नोकरीची मात्र ते खोडी काढायचे. "चार पिढ्या गूळ केला घरात, आन् ह्यो आमचा धाकला मासं करतोय." सगळे हसायचे, आबाही हसायचे. मला त्या हसण्यात आबांचा चेहरा बघवत नसे.

भोयांना ठेका मिळाला त्याच वर्षीची ही गोष्ट. पावसाळ्यात सोडलेलं बीज थंडीपर्यंत हातभर झालं होतं. हौसाबाई रोज कोंडा आणि शेंगपेंड घेऊन काठावर उभी राहायची, हाक मारायची, आणि पाणी उकळल्यासारखं व्हायचं. पण नाताळच्या सुट्टीत आम्ही गावी होतो तेव्हा पेंड मिळेना झाली. आबा बोलता बोलता तात्यांना म्हणाले की गुऱ्हाळाची थोडी मळी कोंड्यात कालवून घातली तर चार दिवस भागेल, एक बादली पुरे. हे बोलणं मी ऐकलं नव्हतं, नंतर कळलं. आबा दुसऱ्या दिवशी कामासाठी कोल्हापूरला गेले. तात्यांनी मात्र ते मनावर घेतलं. धाकट्या भावानं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडं काही मागितलं होतं, आणि मागितलं ते एक बादली. तात्यांना ते अपमानासारखं वाटलं असणार.

त्यांनी बैलगाडी जुंपायला लावली, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधले, मळीची पिंपं चढवली आणि मलाही गाडीत घेतलं. गाडी भोयांच्या गल्लीत शिरली तेव्हा बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. थोरल्या घरची गाडी त्या गल्लीत कधी आलेलीच नव्हती. हौसाबाई आतून तांब्या आणि आरती घेऊन आली. बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, तात्यांना ओवाळलं. तिचा तो एवढा आवाज, पण त्या दिवशी शेजारच्याला ऐकू जाईल एवढंच बोलली. "तात्या, तुमी स्वता आला. आता आमच्या तळ्याला कशाची ददात न्हाई." तात्या म्हणाले, "अगं, गुळाच्या घरचं हाय. माणसं अंग धरत्यात, मासं न्हाई व्हय धरायचं?" पिंपं काठावर नेऊन ओतली. दोन दिवस खेपा चालल्या. पाण्यावर तांबूस साय पसरली, गोड वास सुटला, आणि मासे खरोखरच वर येऊन तोंडं मारायला लागले. सगळे टाळ्या पिटत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला आबांच्या कामाची लाज वाटत नव्हती. गाडीत तात्यांशेजारी बसून मी राणीसारखी घरी आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाईची हाक आमच्या घरापर्यंत ऐकू आली. आम्ही धावत गेलो. पाण्याला आंबूस वास येत होता आणि सगळ्या तळ्यावर, या काठापासून त्या काठापर्यंत, माशांची तोंडं वर आली होती. उघडत होती, मिटत होती. त्यांचा बारीक चुटचुट असा आवाज एकत्र होऊन येत होता, तो मला आज लिहितानाही ऐकू येतो. सगळी गल्ली पाण्यात उतरली होती. काठ्यांनी, फांद्यांनी पाणी झोडपत होती, बायका घागरी भरभरून उंचावरून ओतत होत्या, कारण मासे तोंडं वर काढतात तेव्हा पाण्यातली हवा संपलेली असते, एवढं आबांनी त्यांना मागं कधीतरी सांगितलं होतं. सांगावा पोचताच आबा मिळाली त्या एस.टी.नं आले. काठावर पाय ठेवला, नाकानं हवा ओढली, आणि त्यांना कळलं, मळी आंबून तिनं पाण्यातली हवा खाल्ली होती. ते तसेच बुटांसकट पाण्यात शिरले. दुपारपर्यंत पांढरी पोटं वर आली. जे अजून तडफडत होते ते बाहेर काढून चिरायला, खारवायला आबांनी सांगितलं. बायकांनी रडत रडत मासे चिरले. आईच्या बाजेवर जागा उरली नाही. पण आठवडी बाजारात त्या माशांना कुणी हात लावला नाही. विषाचं मासं, अशी हाळी आधीच फिरली होती.

ठेकेदार वाटच बघत होता. भोयांना तळं राखता येत नाही, ठेका काढून घ्या, असा त्याचा अर्ज पंचायतीत आला आणि मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली. गल्लीचं पोट त्या एका तळ्यावर होतं. ठेका गेला असता तर पुन्हा ठेकेदाराच्या मजुरीवर जाळं ओढणं आलं, हे सगळ्यांना माहीत होतं. तात्या मधल्या घोंगड्यावर, सरपंचांशेजारी. आबा खांबाला टेकून उभे. आम्ही बायका पारामागं. सरपंचांनी विचारलं, "पाण्यात काय घातलं हुतं?"

गाड्या सगळ्या गावानं बघितल्या होत्या. पण निम्म्या गावाचा ऊस आमच्या गुऱ्हाळावर शिजायचा होता. हौसाबाईनं तात्यांकडं बघितलं. रागानं नाही, वाट बघितल्यासारखं. त्यांनी सांगावं आणि हिनं मग, जाऊ द्या तात्या, चुकून झालं, असं म्हणावं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. तात्यांनी शेमला सारखा केला आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "खाणं जास्ती झालं असंल. दिलं म्हणून काय सगळं ओतायचं? राखणाऱ्याला माप कळाय नगं?"

पिंपं उलटी करताना त्यांचाच हात होता. मी बघितला होता. हौसाबाई म्हणाली, "व्हय. माप कळाय पायजे हुतं." मग पदर खोचून खाली बसली. ज्यांना ओवाळलं त्यांचं नाव ती चारचौघांत घेणार नव्हती.

तेव्हा आबा खांब सोडून पुढं आले. "माप मी सांगितलं. खात्याचा माणूस म्हणून मी सांगितलं आन् त्यांनी ऐकलं. ह्यात भोयांची काय बी चूक न्हाई. माझी हाय. लिहून घ्या." सरपंचांनी विचारलं, "विचार करून बोलताय न्हवं?" आबा म्हणाले, "व्हय." त्यांनी तात्यांकडं बघितलं नाही. तात्यांनीही मान वर केली नाही. ठेका भोयांकडं राहिला.

बरेच जण नंतर म्हणाले की केवढं मोठं मन. मला तसं वाटलं नाही, अजून वाटत नाही. आबांनी गल्लीला वाचवलं हे खरं, पण त्याच वाक्यात तात्यांनाही झाकलं, आणि हौसाबाईनं जे ऐकायची वाट बघितली ते तिला कुणीच दिलं नाही. घरी परत जाताना आई म्हणाली, "खरं सांगायचं हुतं." आबा म्हणाले, "थोरल्या भावाला गावात खोटं पाडू?" आई बरीच पावलं चालल्यावर म्हणाली, "तिनं ओवाळलं हुतं त्यांना." खात्यानं आबांना मेमो दिला आणि गगनबावड्याला टाकलं, जिथं पावसाळ्यात अंथरूण म्हणून वाळत नाही. आई आणि मी राजारामपुरीतच राहिलो. फळीवरच्या बाटल्या गेल्या, घराचा वास गेला. शाळेतल्या मुलींनी माझ्या दप्तराबद्दल बोलणं सोडलं, आणि मला त्याचं काहीही सुख झालं नाही.

पुढच्या पावसाळ्यात आबा रजेच्या दिवशी गगनबावड्याहून यायचे, बिनखात्याचे, स्वतःच्या तिकिटानं. पुन्हा बीज आणलं, पुन्हा सोडलं. या वेळी मासा वाढला. उन्हाळ्यात मोठं जाळं ओढायचा दिवस ठरला तेव्हा आम्ही गावी होतो. पितळी थाळा चिंचेनं घासायचं काम माझं होतं. मी तो आरशासारखा केला, नारळ, खण, गुळाचा रवा मांडला. तात्या नवा फेटा बांधून सकाळपासून ओसरीवर बसले होते. खालून हलगी ऐकू आली, जवळ आली. कोपऱ्यावरून हौसाबाई आली, डोक्यावर टोपली, टोपलीतून कटल्याची शेपटी बाहेर, मागं सगळी गल्ली. तात्या उठून उभे राहिले, हात उपरण्याला पुसले.

हौसाबाई आमच्या दारासमोरून गेली. थांबली नाही, वळून बघितलं नाही, पाय उचलून घाईनं गेली असंही नाही. रोज पाण्याला जाते तशी गेली. हलगी क्षणभर अडखळली आणि पुन्हा लागली. तिनं गावाला फेरी मारली आणि मासा परत तळ्यावर नेऊन, गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या आबांच्या हातात दिला. मी थाळा धरून ओसरीवर उभी होते. समोरच्या घरातली माणसं दारं लोटून आत गेली, आम्हाला बघायला नको म्हणून. तात्यांची लाज, आबांची लाज, त्या घराची लेक म्हणून माझी लाज, सगळं त्या थाळ्यात असल्यासारखा तो मला जड झाला. तात्या म्हणाले, "आत न्हे."

संध्याकाळी आबांनी परसात तीन दगडांची चूल मांडली. आईच्या स्वयंपाकघरात मासा शिजणार नव्हता. आईनं मसाला मात्र स्वतः वाटून उंबऱ्यावर ठेवला. रश्शाला कढ आला आणि तात्या मागच्या दारातून बाहेर आले. चुलीशी बसले. आबांनी उठून आपलं ताट त्यांच्यापुढं ठेवलं, वाढलं, आणि ते जेवायला लागल्यावर स्वतः घेतलं. मी तांब्या घेऊन उभी होते. दोघं काटे काढत जेवत होते. मग तात्या ताटाकडं बघत म्हणाले, "मळी मी वतली रं. तू एक बादली म्हणला हुतास."

आबा म्हणाले, "मला ठावं हाय, दादा. मला कशाला सांगताय? भोईगल्ली हितनं लांब न्हाई."

आयुष्यात थोरल्या भावाला त्यांनी दिलेलं ते एकच उलट उत्तर. तात्यांनी माझ्याकडून पाणी घेऊन हात धुतले आणि ते आत गेले.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. गुऱ्हाळावर रस पाजत राहिले, अर्धा मागणाऱ्यावर रागवत राहिले. भोईगल्लीत मात्र गेले नाहीत. गल्लीचं बरं झालं. बाजा वाढल्या, खारवलेला मासा पार इचलकरंजीच्या बाजारात जायला लागला. मी लग्न होऊन गेले, पण जाळ्याच्या दिवशी जमेल तेव्हा गावी यायची, आणि दर वर्षी बघायची. तात्या नवा फेटा बांधून ओसरीवर बसलेले असत, शेजारी चिंचेनं घासलेला पितळी थाळा, नारळ, खण, गुळाचा रवा. हलगी दारावरून पुढं जायची. ऊन उतरलं की घरातलं कुणीतरी, कुणी न सांगता, तो थाळा आत नेऊन ठेवायचं.